पूर्वेस ओढा

मी सांगलीत दस्त लिहिते. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, कुणाचं मुखत्यारपत्र. आधी वडील लिहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून आम्हीही घरात अण्णाच म्हणायचो. मारुती चौकाजवळ एका बोळात दहा बाय बाराची खोली, एक टाइपरायटर आणि भिंतीला लावलेली लाकडी कपाटं. टाइपरायटर कधीच गेला. कपाटं २०१९च्या ऑगस्टमध्ये गेली.

त्या पुराचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि त्या वर्षी पाणी ५७च्या वर गेलं. आमच्या खोलीत ते वरून दुसऱ्या फळीपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर अण्णांच्या हातच्या कच्च्या मसुद्यांचा लगदा झालेला, आणि टाचण्यांच्या गंजाचे डाग तेवढे जागच्या जागी. त्याच महिन्यात ठरवलं की आता सगळं नोट्सच्या ॲपमध्ये. प्रत्येक पक्षकाराची एक नोट, नोटमध्ये सातबारा, फेरफार, ओळखपत्रं, आणि खाली मसुद्याची वर्डची फाइल जोडलेली. फोनवर दिसतं, लॅपटॉपवर दिसतं, पुन्हा पाणी आलं तर मी लॅपटॉप काखेत मारून वरच्या मजल्यावर.

ॲपचं नाव सांगत नाही. त्याची काही चूक नव्हती असं नाही, पण माझी जास्त होती.

वाळवा तालुक्यातले एक आबा. भावाकडून ४१ आर विकत घेत होते, खरेदीखत. मसुदा तयार, जमिनीच्या चारी बाजूंना कुणाचं काय लागतं तेही त्यात लिहिलेलं, भाऊ पुण्याहून येणार, दुसऱ्या दिवशी नोंदणीची वेळ घेतलेली. आदल्या दुपारी आबांचा फोन. "ताई, पूर्वेला तुमी ज्याचं नाव घातलंय ना, त्याचा तुकडा आता ऱ्हायला न्हाई तिथं. मोजणीत आमच्या बाजूनं सरळ वढाच लागलाय. पूर्वेस वढा लिवा." मी नोट उघडली, खालच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली, वर्ड उघडलं, नाव काढून 'ओढा' लिहिलं, कंट्रोल-एस दाबलं, बंद केलं. वर्डनं काही विचारलं नाही, काही कुरकुर केली नाही. नोटमध्ये मी लिहूनही ठेवलं: 'पूर्व बाजू दुरुस्त केली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटमधूनच फाइल उघडून दस्ताच्या जाड लेजर पेपरवर प्रिंट काढली. अकरा पानं. सह्या घ्यायच्या आधी पूर्ण दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा ही अण्णांची पद्धत, समोरचा वकील असला तरी. काही लोक कंटाळतात. आबा कंटाळले नाहीत, डोळे मिटून ऐकत होते. मी "पूर्वेस" म्हटलं, पुढे नाव वाचलं, आणि आबांनी डोळे उघडले.

"ताई, वढा कुठं गेला?"

मला आधी वाटलं, मी जुनी प्रिंट उचलली. मग वाटलं, वर्डमध्ये सेव्ह करायचं राहिलं. पुन्हा नोट उघडली. आत जुनीच फाइल, आणि तिच्या वर माझ्याच हातचं 'पूर्व बाजू दुरुस्त केली'. अकरा पानं बाजूला टाकली, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा प्रिंट, नंबर हुकला, आणि आबांच्या भावाची पुण्याची दुपारची गाडी गेली. भाऊ काही बोलले नाहीत, पण त्यांनी तीन वेळा घड्याळ बघितलं ते मी बघितलं. आणि आबांनी डोळे उघडलेच नसते तर? नोंदणी झालेल्या दस्तातली चूक म्हणजे चूकदुरुस्तीचा दस्त, सगळ्यांच्या सह्या परत, भाऊ परत पुण्याहून.

त्या रात्री मी बसले आणि हे होतं कसं ते समजून घेतलं. भाचा संगणकाचा आहे, त्यानं निम्मं सांगितलं, निम्मं मी करून बघितलं.

नोटला फाइल जोडली की बहुतेक ॲप त्या फाइलची एक प्रत स्वतःच्या पोटात घेतात. तुमच्या फोल्डरमधली मूळ फाइल वेगळी, नोटमधली वेगळी. एकीत बदल केला तर दुसरीला पत्ता नसतो. वननोटमध्ये जोडलेली फाइल अशीच प्रत असते, मूळ फाइल नंतर बदलली तर नोटमधली बदलत नाही. इथवर मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. नोटमधल्या फाइलवर टिचकी मारली की वर्डला पोटातली प्रत मिळेलच असं नाही. पुष्कळदा ॲप तिची आणखी एक प्रत काढतं, ती कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि वर्डच्या हातात ती देतं. म्हणजे मी कंट्रोल-एस दाबलं ते तिसऱ्या प्रतीवर. ती प्रत परत पोटात जाणार की नाही हे त्या ॲपवर. काही ॲप पाळत ठेवतात, बदल दिसला की आत ओढून घेतात. काही फक्त बघायला देतात.

पाळत ठेवणाऱ्यांचाही एक घोळ असतो. वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलवरच रेघोट्या ओढत नाही. शेजारी नवीन तात्पुरती फाइल लिहितं, आणि ती नीट लिहून झाली की तिला जुनीचं नाव देतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल राहू नये म्हणून ही सोय. पण पाळत ठेवणारं ॲप नीट बनवलेलं नसेल तर ते जुन्या फाइलकडे टक लावून बसतं, आणि ती तर केव्हाच गेलेली. आणि घाईत कुणी 'सेव्ह ॲज' करून नाव बदललं तर विषयच संपला, त्या नावाच्या फाइलशी नोटचं काही नातं उरत नाही.

जॉप्लिन नावाचं एक मुक्त स्रोत ॲप आहे (रॅगटाइम वाजवणाऱ्या स्कॉट जॉप्लिनच्या नावावरून), त्याची पद्धत मला प्रामाणिक वाटली. जोडलेली फाइल उघडली की ते वर पट्टीत लिहितं: या फाइलींवर लक्ष ठेवून आहे, दुसऱ्या नोटवर गेलात की लक्ष ठेवणं बंद. आता आमच्या कामात मसुदा लिहिता लिहिता दुसऱ्या नोटमध्ये जावंच लागतं. गट नंबर एकीकडे, आकार म्हणजे जमिनीचा सारा दुसरीकडे, वारसांची नावं तिसरीकडे. म्हणजे मी गट नंबर बघायला गेले की पहारेकऱ्याची ड्युटी संपली. पण त्यानं आधी सांगितलेलं असतं, आणि सांगून जाणाऱ्याशी माझं भांडण नाही. मी लागतील ते आकडे आधी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेते, मग फाइल उघडते, आणि वर्ड बंद होईपर्यंत त्या नोटवरून हलत नाही.

ऑब्सिडियन हे नोट्सचं आणखी एक ॲप, त्याची गोष्ट उलटी. तिथं पोट वगैरे काही नाही, सगळं साध्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं आणि वर्ड थेट तीच फाइल उघडतं. सेव्ह केलं की झालं. पण मग चुकून केलेलाही बदल थेट मूळ फाइलवरच. त्यात मागचं परत आणायची सोय आहे, ती नोटच्या मजकुराला, जोडलेल्या वर्डच्या फाइलीला नाही.

फोनचं विचारूच नका. फोनवर नोटमधली फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडली की बहुतेक वेळा तुम्ही तिची नक्कल पाठवलेली असते. रिक्षात बसून एक शब्द बदलला, तो बदल फोनच्या कुठल्या फोल्डरमध्ये जाऊन बसला ते शोधायला संध्याकाळ जाते. वर आमच्याकडच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. फोनवर 'लिहून देणार' ऐवजी गिचमिड दिसते आणि ती गिचमिड सेव्ह व्हायची भीती. फोनवर मी आता फक्त वाचते.

आणि लॅपटॉपवर आणि फोनवर एकाच फाइलीत बदल झाले तर? नोटमध्ये दोन ओळी इकडच्या, दोन तिकडच्या जुळवता तरी येतात. वर्डची हल्लीची फाइल म्हणजे खरं तर एक झिप गाठोडं असतं. भाच्यानं मला नाव बदलून उघडून दाखवलं, आत मजकूर वेगळा, शैली वेगळी, चित्रं वेगळी. फोन आणि लॅपटॉपवरचं सारखं ठेवणाऱ्या सिंकला हे गाठोडं सोडून जुळवता येत नाही. ते एक ठेवतं आणि दुसरं बाजूला टाकतं, किंवा दोन्ही ठेवतं आणि तुम्हाला निवडायला लावतं. नोंदणीच्या रांगेत उभं राहून निवडायचं म्हणजे...

अण्णांच्या कागदावर हे झालंच नसतं. ते चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायचे, खालचा शब्द वाचता आला पाहिजे अशी, वर नवा शब्द, आणि समासात दोन्ही पक्षांची छोटी सही. शाईनं गिरवून काळं करणं त्यांना खपायचं नाही. त्याला कायद्याचाही आधार आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे दस्तात खाडाखोड, मोकळी जागा किंवा ओळींच्या मध्ये लिहिलेलं असेल आणि त्यावर लिहून देणाऱ्यांनी सही करून ते मान्य केलेलं नसेल, तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. खाडाखोड चालते, पण ती दिसली पाहिजे आणि तिला धनी पाहिजे. कंट्रोल-एसला समास नसतो. मी 'दुरुस्त केली' असं नोटमध्ये लिहिलं, ती सही मी न झालेल्या दुरुस्तीवर केली होती.

तेव्हापासून माझी रीत बदलली. चालू मसुदा नोटमध्ये नाहीच. तो लॅपटॉपवर पक्षकाराच्या फोल्डरमध्ये, त्याची एक प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर. नोटमध्ये फक्त फोल्डरचं नाव आणि खाली तारीखवार दुरुस्त्या: कुणी सांगितली, काय होतं, काय झालं. जुना शब्दही लिहायचा. ही माझी समासातली सही. वर्डमध्ये बदलांचा माग ठेवायची सोय मसुदा पक्का होईपर्यंत चालू. दस्त नोंदवून आला की स्कॅन केलेली पीडीएफ नोटला जोडायची. तिच्यात कुणी काही बदलायचं कारणच नाही. आधार कार्ड जोडायचं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते मास्क केलेलं. लोक व्हॉट्सॲपवर पूर्ण आधार पाठवतात, त्यांना मी परत पाठवते.

तरी कधी कधी नोटमधलीच फाइल हाताळावी लागते. तेव्हा वर्डमध्ये फाइलच्या माहितीत जाऊन तिचा पत्ता बघते. पत्त्यात कुठं 'टेम्प' दिसलं, किंवा वरच्या पट्टीत 'रीड ओन्ली', तर एक अक्षर लिहित नाही. ती माझ्या फोल्डरमध्ये काढून घेते, तिथं बदलते, तारीख घालून नव्यानं जोडते, आणि दस्त नोंदवून होईपर्यंत जुनी फाइल काढत नाही. नावात 'फायनल' लिहायचं नाही हा एक नियम मी मदतनीस मुलीला घातला आहे. आमच्याकडे एकदा 'फायनल', 'फायनल खरी' आणि 'फायनल आबा' अशा तीन फाइली होत्या.

नवीन ॲप घेतलं किंवा जुन्याचं अपडेट आलं की एक चाचणी करते. एका नोटमध्ये एका ओळीची वर्डची फाइल जोडायची. नोटमधून उघडायची, 'हळद' लिहायचं, सेव्ह, वर्ड बंद, ॲप बंद. मग ॲप परत उघडून बघायचं. मग फोनवर बघायचं. मग एकदा वर्ड उघडं ठेवून मध्येच दुसऱ्या नोटवर जायचं, 'गूळ' लिहायचं, परत बघायचं. हळद-गूळ दोन्ही आले तर ठीक. एका ॲपमध्ये हळद आली, गूळ आला नाही. मदतनीस मुलगी म्हणाली, "ताई, हे आपण पक्षकाराच्या फाइलीवर केलं नाही ते बरं."

आबा परवा पुन्हा आले होते, पेढे घेऊन. नातवाच्या नावावर थोडी जमीन करायची आहे. मी मसुदा काढला, वाचायला सुरुवात केली, पूर्वेपाशी आले आणि थांबले. आबा डोळे मिटूनच म्हणाले, "हाय की. वाचा पुढं."