चार मिलिमीटरचा नमुना आणि एक लाल चिठ्ठी

काल रात्री अखेर एका नव्या प्रजातीच्या वर्णनाचा शेवटचा परिच्छेद लिहून झाला. चार मिलिमीटरचा रोव्ह बीटल, पालापाचोळा चाळताना मिळालेला. या भुंगेऱ्यांची पंखकवचं आखूड असतात. उडायचे पंख त्यांखाली घडीवर घडी घालून बसवलेले, आणि ती घडी घालायला उघडं पोट वर वळून मदत करतं. कितीही वेळा पाहिलं तरी मी थक्क होते.

या कुळात ६०,००० हून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत, त्यामुळे ‘नवीन’ म्हणायची घाई करून चालत नाही. बाहेरून दोन प्रजाती अगदी जुळ्या दिसतात. खरा फरक बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियात असतो. नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक सुईनं पोटाचं टोक उघडायचं, तो इवलासा अवयव ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा. माझ्या नमुन्यात त्याचं टोक आकड्यासारखं डावीकडे वळलेलं होतं. जुन्या वर्णनांशी ताडून पाहण्यात मग महिने गेले.

संग्रहालयांतल्या पेट्यांमध्येही नव्या प्रजाती पडून असतात. डार्विननं १८३२ मध्ये अर्जेंटिनात पकडलेला एक रोव्ह बीटल २०१४ मध्ये ‘डार्विनिलस सेडारिसी’ म्हणून नोंदला गेला. तब्बल १८२ वर्षांनी!

आता माझ्या नमुन्याच्या टाचणीला ‘होलोटाइप’ची, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्याशी कायमचं जोडलं जातं त्याची, लाल चिठ्ठी लावायची आहे. नाव मात्र अजून ठरत नाहीये. त्या वळलेल्या आकड्यावरूनच ठेवावं, असं मनात आहे.