तुम्ही विचारलंत म्हणून: भरतकामाच्या जड गोधडीला टाके कोणते घालावेत?

"चौकोन भरून झाले, जोडूनही झाले. आता वरून शिवण कोणती घालू?" फोंडा असो की पेडणे, हौसेनं गोधडी करायला घेणाऱ्या बायका हा प्रश्न मला हमखास विचारतात. सोबत फोटो असतो. कमळं, मोर, तुळशीवृंदावन, सगळं भरगच्च भरलेलं. आणि खाली एक ओळ: "ताई, यावर काय शोभेल?"

शोभण्याचं मी नंतर बघते. आधी विचारते, आत काय घातलंय आणि चौकोन केवढा आहे. भरतकाम कितीही घट्ट असलं तरी ते फक्त वरच्या कापडात असतं. आतला थर आणि खालचं अस्तर अजून सुटंच आहे. ते तिन्ही एकत्र धरायचं काम या टाक्यांनी करायचं आहे. जड गोधडीत ते काम किती मोठं आहे हे धुतल्यावर कळतं. ओली गोधडी दोरीवर टाकली की पाणी प्यालेला सगळा थर खाली ओढ घेतो आणि तो भार या दोऱ्यांवर येतो.

पोर्तुगीजांसाठी सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमध्ये, सातगावच्या बाजूला, पलंगावरच्या मोठ्या रजया भरल्या जात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचं काम. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात अशा रजया जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या ज्यांचे थर भरतकामाच्याच टाक्यांनी बांधलेले आहेत, त्यांना वेगळ्या शिवणीची गरज नाही. आपण मात्र चौकोन आधी सुटे भरतो आणि मग जोडतो, म्हणून आपल्याला हे दुसरं काम येतं.

तेव्हा पहिला निर्णय अंतराचा. दोन शिवणींमध्ये मोकळी जागा किती चालेल, हे आतला थर ठरवतो. विकतची बॅटिंग, म्हणजे आत घालायचा तयार थर, घेतली असेल तर पाकिटावर ते अंतर लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं. काहींना आठ-दहा इंच चालतं, काहींना तीन-चार इंचांच्या वर नको. आत जुन्या साड्या किंवा चादरी घातल्या असतील तर मी दोन बोटांपलीकडे जात नाही, कारण जुनं मऊ कापड आतल्या आत सरकतं आणि एका कोपऱ्यात गोळा होतं.

भरलेल्या भागावरून शिवण नेऊ नका, हे मी अगदी आग्रहानं सांगते. मशीनचं भरतकाम असेल तर खाली कडक अस्तर असतं, वर दोऱ्यांचे थर असतात. तिथे सुई वाकते, दोरा तुटतो. हातानं भरलेल्या पाकळीवर सुई घुसली की लांब टाक्यांचे धागे उसवतात, मग ती पाकळी परत सपाट बसत नाही. त्यापेक्षा फुलाच्या कडेला, अगदी चिकटून, बाहेरच्या बाजूनं एक धावदोरा फिरवा. एवढ्यानं फूल वर उठून दिसतं आणि त्याच्या भोवतीचे थर पकडले जातात. मोराच्या पिसाऱ्यात, देठ आणि पानाच्या मध्ये जिथे कोरं कापड दिसतंय, तिथेही सुई घाला. मोठ्या चौकोनाला अशा आतल्या जागा फार उपयोगी पडतात.

मग उरली मोकळी जमीन. बऱ्याच जणी इथे दाट नागमोडी रेघ निवडतात, कारण मशीनवर ती भराभर होते. मला ती हलक्या रजईवर आवडते, जडवर नाही. एक तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. दुसरं म्हणजे चौकोनांच्या मधल्या पट्ट्या दाट शिवल्या आणि चौकोन मोकळे सोडले की पट्ट्या आकसतात, चौकोन मधोमध फुगतात. ते मग इस्त्रीनं बसत नाहीत. दाटपणा सगळीकडे साधारण सारखा हवा. म्हणून जडला मी साधी शंकरपाळ्यांची जाळी सुचवते. रेघा तिरक्या आखायच्या, भरतकामाच्या कडेपर्यंत न्यायच्या, तिथे थांबवायच्या आणि पलीकडून पुन्हा सुरू करायच्या. फूल पुढे आणि जाळी त्याच्या मागून गेल्यासारखी दिसते.

नक्षीची हौस काठावर भागवा. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम बघा: चुन्याच्या पांढऱ्यावर तांबड्या मातीच्या रंगाच्या वेली, वळ्या, चक्रं. त्यातली वेल एका सलग रेघेत बसते, म्हणून दोरा तोडावा लागत नाही. पट्ट्यांना तर नक्षीच नको, जोडाच्या खाचेतून, म्हणजे दोन कापडं जुळतात त्या रेघेतून, सरळ शिवण पुरे. अस्तराला कुणबी चौकड्यांचं कापड असेल तर ते आधी दोनदा धुऊन घ्या. लाल रंग सुटला तर पांढरे चौकोन गेले.

सुरुवात मधल्या चौकोनापासून करायची आणि बाहेर सरकत जायचं. शेजारच्या उत्तर कन्नडातल्या, हळियाळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, नेमकी उलट शिवतात, कडेपासून आत. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे अनेक वंशज तिथे आहेत, आणि त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी फुलं असतात. त्यांना कडेपासून जमतं, कारण वरचे तुकडे शिवता शिवता लावले जातात, सुरकुती पडलीच तर पुढच्या तुकड्याखाली जाते. आपला वरचा थर आधीच जोडून तयार असतो, तेव्हा सुरकुतीला बाहेर जायला वाट ठेवावी लागते. त्याआधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचेच. जड गोधडीला नुसत्या टाचण्या पुरत नाहीत.

हातानं की मशीननं, असंही विचारतात. वजन पेलत मशीनखाली गोधडी फिरवायची तर टेबल मोठं हवं, वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) हवा आणि सुई नव्वद नंबरची. एवढं नसेल तर फुलांभोवती हातानं आणि खाचेतून मशीननं, असं मिसळलं तरी चांगलं दिसतं. मी तसंच करते. दोरा सुती घ्यावा आणि रंग जमिनीच्या कापडाचा, भरतकामाचा नव्हे. लाल फुलाभोवती लाल दोरा फिरवला की फुलाची कड पुसट होते, आणि टाका थोडा जरी वाकडा गेला तरी तोच डोळ्यांत भरतो.