बारा फुटांच्या खोलीतला बेस

हौशी बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची, खालचे स्वर देणारी गिटार, वाजवणारे बहुतेक जण मुळात ती वाजवायला आलेले नसतात, असे माझे निरीक्षण आहे. मीही आलो नव्हतो. सात वर्षांपूर्वी कोथरूडमधील आमच्या सोसायटीत गाण्याची हौस असलेले सहा जण एकत्र आले, तेव्हा त्यांपैकी तिघांच्या हातात गिटार होती. एकाकडे कीबोर्ड, एकाकडे ड्रम आणि गायला एक गायिका. तीन गिटारी एकाच वेळी एकच कॉर्ड वाजवतात तेव्हा नुसता कल्ला होतो, हे दुसऱ्या तालमीपर्यंत सर्वांच्या लक्षात आले. वयाने सर्वांत मोठा आणि हाताने सर्वांत कच्चा म्हणून मला बेसकडे वळण्याची विनंती करण्यात आली. तिला विनंती म्हणत असले, तरी ती बदली होती, आणि सरकारी नोकरीत असल्यामुळे बदली निमूटपणे स्वीकारण्याची मला सवय होती.

पहिल्या कार्यक्रमानंतर घरच्यांनी मोबाइलवरचे चित्रण पाहिले आणि आई म्हणाली, "तुझं काही ऐकूच आलं नाही रे." त्या वेळी मी फार खट्टू झालो. पुढे कळले की बेसच्या सर्वांत जाड, म्हणजे ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला इतका खालचा स्वर देणे शक्यच नसते. वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालच्या स्वराचा अंदाज बांधतो, एवढेच. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे काम आपण आयुष्यभर ऐकत आलो. पण ट्रान्झिस्टर आणि मोबाइलवर ऐकल्यामुळे तेथे कोणीतरी बेस वाजवत होते, हे अनेकांना माहीतच नसते. बेसकडे वळू पाहणाऱ्याने वाद्यावर एक रुपयाही खर्च करण्याआधी बरे हेडफोन घ्यावेत आणि आपल्या आवडीची जुनी गाणी पुन्हा ऐकावीत. गायिकेने गंधारावर ठेहराव घेतला असताना बेसने खाली षड्ज धरला तर एक रंग येतो आणि धैवत धरला तर तोच गंधार उदास होतो. गाणारीने काहीही बदललेले नसते. हे पहिल्यांदा कानाला जाणवले, त्या दिवशी बदलीची तक्रार संपली.

वाद्य घेण्याच्या बाबतीत मात्र मी ती चूक केली जी जवळजवळ प्रत्येक जण करतो. दुकानात जाऊन, स्टुलावर बसून, चांगल्या ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला जोडून, एकट्याने वाजवून मी गिटार निवडली. एकट्याने ऐकताना जो आवाज देखणा वाटतो, तो बँडमध्ये बहुधा नाहीसा होतो, ही गोष्ट दुकानात कळण्याची काही सोयच नसते. खाली गडगडाट, वर चकचकीत झंकार आणि मध्ये पोकळी, असा आवाज बैठकीत प्रभावी वाटतो. पण तालमीत खालची जागा पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमने घेतलेली असते, वरची जागा झांजांनी आणि गिटारींनी घेतलेली असते आणि बेसला जी मधली जागा शिल्लक राहते, तीच आपण मोठ्या हौसेने बटणे फिरवून रिकामी केलेली असते. तबल्याच्या साथीचे भावगीत असेल, तर डग्ग्याशीही हीच गाठ पडते. आता मी तालमीत ॲम्पचे खालचे बटण थोडे मागे आणि मधले थोडे पुढे ठेवतो. एकट्याने ऐकले तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटतो, पण बाकीचे सुरू झाले की तो बरोबर जागेवर बसतो.

या दृष्टीने पाहिले, तर बाजारातील बहुतेक बेस गिटारींचे जे दोन मूळ नमुने आहेत, त्यांच्यातील फरकही नीट समजतो. अमेरिकी गिटारनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली. उभ्या डबल बेसवर बोट कोठे ठेवायचे हे कानाने ठरवावे लागे. येथे पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. १९५७ पासून तिच्यावर दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून त्यांचा विद्युत संकेत करणारा भाग, आला. १९६० मध्ये आलेल्या जाझ बेसवर दोन पिकअप आहेत आणि तिचा नेक (पडदे बसवलेली लांब दांडी) वरच्या टोकाशी अरुंद, सुमारे ३८ मिलिमीटरचा आहे. जाझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधले काही स्वर एकमेकांना खातात आणि आवाज गुळगुळीत, देखणा होतो. मी दुकानात त्याच आवाजावर भाळलो होतो. एक पिकअप थोडा कमी केला की मधला आवाज परत येतो, पण मग वाद्य किंचित गुणगुणू लागते. प्रिसिजनच्या घडणीत निवडीला वाव कमी, म्हणून चुकीलाही कमी. नवख्याने मला विचारले तर मी तिच्याच धर्तीची, कोणत्याही कंपनीची वीस-पंचवीस हजारांतली गिटार सुचवतो आणि ती उभे राहून, पट्टा गळ्यात अडकवून पाहायला सांगतो. चार किलोंचे वाद्य दोन तास खांद्यावर असते आणि काही गिटारींचा नेक हात सोडला की जमिनीकडे झुकतो. दुकानातल्या स्टुलावर यातले काहीच कळत नाही.

माझा सर्वाधिक पैसा आणि मनस्ताप खर्च झाला तो मात्र एका वेगळ्याच रोगावर. आमची तालीम कीबोर्डवादकाच्या गच्चीवरील खोलीत होते. खोली चौरस, बारा फूट बाय बारा फूट. तेथे माझा एक स्वर, ई तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा काळी तीन, इतका घुमायचा की खिडकीच्या काचा थरथरत, आणि शेजारचे स्वर मात्र दबलेले राहत. प्रथम मला तार खराब वाटली, ती बदलली. मग पिकअपची उंची कमी-जास्त केली. मग गिटारच सदोष आहे, या निष्कर्षावर मी आलो आणि दुसरी गिटार उसनी आणली. तिच्यावरही काळी तीनच घुमू लागला, तेव्हा कोठे खोलीचा संशय आला. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर त्या भिंतींमध्ये अडकून बळावते. बारा फुटांच्या खोलीत ती सुमारे ४७ हर्ट्झची येते आणि काळी तीन आहे सुमारे ४६ हर्ट्झ. वाद्याचा काडीचाही दोष नव्हता. आणखी गंमत म्हणजे, ही अडकलेली लहर भिंतीजवळ सर्वांत जोरात आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत क्षीण ऐकू येते. भिंतीला टेकून बसलेला आमचा ड्रमर, जो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वर्षभर मला "काका, जरा कमी करा" म्हणत होता आणि मध्यभागी उभी राहणारी गायिका "बेस थोडा वाढवा ना" म्हणत होती. त्या दोघांपैकी एक जण मुद्दाम त्रास देतो आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे.

उपाय फुकटचा निघाला. ॲम्प कोपऱ्यात ठेवलेला होता, आणि कोपऱ्यातून अशा लहरी सर्वांत जास्त उसळतात; तो कोपऱ्यातून काढून भिंतीपासून तीन-चार फूट पुढे, दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर कानाच्या दिशेने तिरका ठेवला आणि खालचे बटण उतरवले. घुमणे पूर्ण गेले नाही, पण सुसह्य झाले. मध्यंतरी भिंतींना गाद्या लावण्याचाही प्रयोग झाला होता. इतक्या लांब लहरींपुढे चार इंचांच्या गादीचा निभाव लागत नाही. वरचा आवाज तेवढा मेला आणि घुमणे होते तसेच राहिले.

ॲम्पविषयी माझे सुरुवातीचे अज्ञान याहून महाग पडले. पहिले काही महिने मी एका गिटारवादकाचा १५ वॅटचा ॲम्प उसना घेऊन त्यावर बेस वाजवत होतो. ड्रमच्या वर ऐकू यावे म्हणून आवाज वाढवत नेला आणि एका रविवारी स्पीकरचा कागदी शंकू फाटला. भरपाई करून दिली, मैत्री टिकली. आपला कान खालच्या स्वरांच्या बाबतीत मंद असतो, आणि तेवढाच मोठा वाटण्यासाठी बेसला कितीतरी जास्त हवा हलवावी लागते, म्हणून ज्या तालमीत गिटारला ३० वॅट पुरतात तेथे बेसला दीडशे-दोनशे लागतात. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दसपट करावे लागतात. त्यामुळे दोनशेऐवजी तीनशे वॅटचा ॲम्प घेण्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. त्याऐवजी स्पीकरचे कॅबिनेट चांगले घ्यावे. लिहिलेले वॅट किती ओहमला, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युत रोधाला आहेत, हेही पाहावे. ४ ओहमला ३०० वॅट देणारा ॲम्प ८ ओहमच्या एका कॅबिनेटला त्याच्या निम्म्याहून थोडे अधिकच देतो. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा ३०० वॅटचा वाल्व्हवाला एसव्हीटी आला तेव्हा तो उचलायला माणसे लागत. आज तितक्याच ताकदीचा क्लास-डी नावाच्या नव्या, हलक्या प्रकारचा ॲम्प तीन किलोंच्या आत मिळतो आणि पिशवीतून नेता येतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गच्चीवर ज्यांची तालीम होते, त्यांनी या सोयीचा विचार सर्वांत आधी करावा.

कार्यक्रमात या सगळ्याचा उपयोग मर्यादित असतो. गणेशोत्सवाच्या मंचावर साउंडवाल्याला फक्त आपली वायर हवी असते. तेथे एक साधा डीआय बॉक्स जवळ असणे आवश्यक आहे. तो गिटारचा नाजूक संकेत लांब वायरीतून न बिघडता जाईल अशा स्वरूपात बदलतो आणि रोषणाईच्या, जनरेटरच्या संगतीने येणारी ५० हर्ट्झची घरघर त्याच्या एका बटणाने पुष्कळदा थांबते. ही घरघर घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. पावसात भिजलेल्या लाकडी मंचावर, हातात धातूच्या तारा असताना, हा प्रकार जीवघेणा आहे. मंचावर बेसचा नेमका कोणता आवाज श्रोत्यांपर्यंत जातो, ते आपल्या हातात राहत नाही. रात्री दहाच्या आत सर्व आटपायचे असल्याने साउंडवालाही घाईत असतो. म्हणून डाव्या-उजव्या हाताचा दाब सारखा ठेवणे आणि पायाने वाजणाऱ्या ड्रमवर नेमके पडणे, एवढेच काय ते आपल्या ताब्यातले.

आमच्या एका कार्यक्रमात तेही ताब्यात राहिले नाही. माझ्या गिटारमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट आहे आणि वायर खोचलेली असेपर्यंत ते सुरू राहते. आदल्या रात्रीच्या सरावानंतर मी वायर तशीच ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात आवाज फाटत फाटत विरून गेला. तेव्हापासून खोक्यात दोन बॅटऱ्या असतात आणि बॅटरीविना चालणाऱ्या साध्या गिटारींविषयीचा माझा आदर वाढला आहे.

चार तारा मिळून नेकवर सुमारे ८० किलोंचा ताण टाकतात आणि त्याला नेकच्या आतल्या ट्रस रॉडचा, म्हणजे धातूच्या सळईचा, ताण तोलून धरतो. जूनमध्ये हवेतील दमटपणा वाढला की लाकूड हलते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात किंवा त्यांच्यावर खडखडू लागतात. अशा वेळी रॉड पाव फेऱ्याहून अधिक एकदम फिरवू नये. हाताला विश्वास नसेल तर कारागिराकडे द्यावी. स्वस्त गिटारचा नीट सेटअप करून घेतला की ती दुप्पट किमतीची वाटते, हा माझा तीन गिटारींवरचा अनुभव आहे. तारांच्या बाबतीत मी आता सपाट वळणाच्या, फ्लॅटवाउंड तारांवर स्थिरावलो आहे. त्या महाग असतात, पण घामाने लवकर मरत नाहीत आणि भावगीतांना शोभणारा ठाशीव, कमी झंकाराचा आवाज देतात. मोटाउन या अमेरिकी संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन याच प्रकारच्या तारा वापरत आणि त्या बदलण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता, हे कळल्यापासून माझ्या आळसाला प्रतिष्ठा लाभली आहे.

राहता राहिला पाच तारांचा प्रश्न. आमची गायिका बहुतेक गाणी काळी एकमध्ये गाते आणि तेथे माझे सर्व काही चार तारांत आहे: षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर आणि खालचा पंचम ई तारेच्या चौथ्या पडद्यावर. गेल्या वर्षी मात्र तिने कोजागरीसाठी एक गाणे काळी दोनमध्ये बसवले. माझी सर्वांत जाड तार मोकळी सोडली की पांढरी तीन वाजतो. काळी दोन त्याच्या अर्ध्या स्वराने खाली, म्हणजे मला हवा तो खालचा षड्ज माझ्या वाद्यावर अस्तित्वातच नाही. पाचव्या, बी तारेवर तो चौथ्या पडद्यावर मिळतो. मी दुकानात जाऊन पाच तारांच्या दोन गिटारी वाजवून आलो, नेकची रुंदी हाताला रुचली नाही आणि किंमत घरात रुचली नसती. तेव्हा त्या एका गाण्यापुरती मी ई तार अर्ध्या स्वराने उतरवतो आणि गाणे संपले की पुन्हा चढवतो. त्याला स्वर दाखवणाऱ्या क्लिप ट्यूनरने अर्धा मिनिट लागते, आणि आमच्या निवेदिका दोन गाण्यांच्या मध्ये चार मिनिटांहून कमी कधीच बोललेल्या नाहीत.