खेडगाव ते न्हावा शेवा: रीफर कंटेनरसोबत जाताना जेनसेटचं डिझेल आधी बघा

कालच परत आलो. आठ दिवसांत द्राक्षांचे दोन रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर पोर्टला सोडले आणि दोन्ही वेळा ट्रेलरमध्ये स्वतः बसून गेलो. पुढच्या पंधरवड्यात दिंडोरी-निफाडमधून ज्यांचा माल युरोपला निघणार आहे, त्यांच्यासाठी घाईघाईने लिहितोय. झोप पुरी झालेली नाही, राग अजून उतरलेला नाही.

आम्हाला सगळे सांगत होते की पॅकहाउसमधून माल निघाला की आपलं काम संपलं, पुढे कंटेनर सांभाळतो. हे साफ खोटं आहे. कंटेनर माल थंड करत नाही, थंड असलेला माल थंड ठेवतो, एवढंच. मण्यात थर्मामीटरचा प्रोब खुपसून ० ते १ अंश दाखवत नसेल तर लोडिंगला हात लावू नका. ‘२-३ अंशावर भरला तरी बोटीवर उतरतं’ म्हणणाऱ्याला शेडबाहेर काढा. कंटेनरच्या एवढ्याशा मशीनला तेरा टन मालातली उष्णता ओढणं झेपत नाही, आणि मधल्या पॅलेटपर्यंत तर हवा धड पोचतही नाही.

पहिल्या कंटेनरला आमचं प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) चांगलं झालं होतं, ०.६ अंशाला भरला. सेट पॉइंट, म्हणजे मशीनला लावून दिलेलं तापमान, उणे ०.५. लोडिंगच्या वेळी ड्रायव्हर मशीन चालू ठेवायला निघाला होता, ते बंद करायला लावलं. दार उघडं असताना मशीन चालवली तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि नंतर हवेचा जोर पडतो. बॉक्स कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका. हवा खालच्या पन्हळीतून येते आणि वरून परत जाते, तो वरचा रस्ता बुजवला की संपलं. इथपर्यंत सगळं नीट.

संध्याकाळी साडेसहाला निघालो. जेनसेटची, म्हणजे रस्त्यात मशीनला वीज देणाऱ्या डिझेल जनरेटरची, टाकी फुल आहे असं ट्रान्सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलं, मी विश्वास ठेवला. काटा बघितला नाही. ही माझी चूक, तुम्ही करू नका.

इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, वासिंद. इथवर सांगण्यासारखं काही नाही. साडेबाराला मानकोलीच्या पुढे गेलो आणि तिथून नरक सुरू झाला. ठाण्याच्या बाजूला अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते. ती रात्री उठली की तोवर अडवून ठेवलेले सगळे ट्रेलर एकदम सुटतात. खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली हाच पोर्टचा रस्ता, आणि नाशिक, गुजरात, भिवंडीची गोदामं सगळी त्याच एका नळीत शिरतात. रात्री अकरा ते पहाटे चार या वेळात तुम्ही त्या बायपासवर असाल तर तुमचं नियोजन चुकलेलं आहे. दीड वाजता आम्ही बायपासच्या चढाला लागलो आणि शिळफाट्याला पोचायला सकाळचे सहा वाजले.

तीनला दहा मिनिटं कमी असताना जेनसेटचा आवाज बंद झाला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचं इंजिन थांबलं असेल. खाली उतरून टॉर्च मारला तर डिस्प्ले काळा. टाकीचं झाकण उघडून काठी बुडवली, ती कोरडी बाहेर आली. चढावर, दोन्ही बाजूंनी ट्रक, पंप कुठेच नाही. ड्रायव्हरकाका गप्प उभे. त्यांच्या हातात टाकी जशी दिली तशी त्यांनी आणली होती, त्यांचा दोष नव्हता.

शेजारच्या लेनमध्ये फ्रोझन कोळंबीचा ट्रेलर अडकला होता. त्याचा ड्रायव्हर उतरून आला. म्हणाला, “दादा, माझा माल उणे १८ वर दगड झालाय, दोन तास मशीन बंद पडलं तरी मला घाम फुटत नाही. तुमचं जिवंत फळ आहे.” अगदी खरं बोलला. द्राक्ष उणे २ च्या आसपास गोठायला लागतं, त्यामुळे आधीच जास्त थंड करून गाठीला थंडी बांधता येत नाही. शिवाय घड श्वास घेत असतो आणि आतल्या आत उष्णता तयार करत असतो. त्या माणसाने स्वतःच्या टाकीतून नळीने वीस-बावीस लिटर डिझेल काढून दिलं. पैसे घ्यायला तयार नव्हता, मी बळेच खिशात कोंबले. रिकाम्या झालेल्या लाइनमधली हवा काढायला पुन्हा वेळ गेला. साडेपाचला मशीन चालू झालं. परत येणाऱ्या हवेचा आकडा निघताना ०.८ होता, तो ३.४ वर गेलेला.

हे दोन-अडीच अंश किरकोळ वाटतील. हवा गरम होऊन पुन्हा गार झाली की मण्यांवर दव धरतं. बॉक्समधल्या ग्रेप गार्डच्या कागदातून गंधकाचा वायू ओलाव्यानेच सुटतो. तो महिनाभर थोडाथोडा सुटायला हवा. दव पडलं की एकदम सुटतो, मग देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि शेवटच्या दिवसांत बुरशीला आवरायला कागदात काही उरत नाही. पूर्वी सुएझमधून रॉटरडॅमला जेमतेम तीन आठवडे लागायचे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर, म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून, बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि दहा-बारा दिवस वाढले. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जपलेल्या मालाला एवढा पल्ला गाठायचा असताना मुंब्र्यातल्या एका चढावर आपण त्याचं आयुष्य खर्च करून बसतो.

आता बिलाचं. ट्रान्सपोर्टवाल्याने जेनसेटचे ४८ तास लावले. लोडिंग ते पोर्टचं गेट धरून आमचे २१ तास होतात, त्यातले अडीच तास मशीन मेलेलं. वर यार्डात विजेच्या प्लगला लावल्याचे पैसे वेगळे, आणि आमचा कंटेनर यार्डात गेलाच नव्हता, थेट गेटला लागला होता! डिस्प्लेचे फोटो वेळेसकट माझ्याकडे होते म्हणून प्लगची रक्कम बिलातून निघाली. जेनसेटच्या तासांवर अजून भांडतोय. निघताना मशीनचं आणि जेनसेटचं तासांचं मीटर दोन्हींचा फोटो घ्या, गेटवर पुन्हा घ्या. तोंडी हिशेबाला तिथे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या कंटेनरला मी सगळं उलटं केलं. माल रात्रभर प्रीकूलिंगला ठेवला आणि पहाटे साडेपाचला लोडिंग सुरू केलं. टाकी माझ्यासमोर पिंपळगावच्या पंपावर भरून घेतली. जेनसेट तासाला साधारण तीन लिटर पितो. प्रवासाला लागतील त्याच्या दुप्पट तास पुरेल एवढं डिझेल हवंच, यात तडजोड नाही. इगतपुरीला समृद्धीवर चढलो, घाट टाळून आठ किलोमीटरच्या बोगद्यातून आमणेला उतरलो. टोल जास्त पडतो, बिनधास्त द्या. बंदी नसलेल्या दुपारच्या तासांत मुंब्रा बायपास गाठला आणि पाऊण तासात शिळफाटा मागे पडला. तोच रस्ता, तोच चढ! मी ड्रायव्हरकाकांच्या पाठीवर थापच मारली. बंदीच्या वेळा बदलत असतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वाहतूक पोलिसांची ताजी अधिसूचना बघून त्यावरून उलटं मोजत लोडिंगची वेळ ठरवा. पॅकहाउसवाले सोयीने संध्याकाळची वेळ देतात, ती घेऊ नका.

गेटवर लागणारा फॉर्म १३ (कंटेनर पोर्टमध्ये न्यायचा परवाना) आणि वजनाचा दाखला सीएचएकडून (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडून) आदल्या दिवशीच तयार ठेवायला सांगा. बाकी तिथे ताटकळण्याखेरीज काही नाही. उरणला जेवण चांगलं मिळालं, पनवेलहून एसटीने रात्री घरी.

लॉगर (तापमान नोंदवत जाणारं यंत्र) दोन ठेवा, एक दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटवर आणि एक मधल्या. एकच ठेवला आणि तो मशीनजवळ गेला तर सगळं गोड दिसतं. पहिल्या कंटेनरमध्ये माझा दाराजवळचा आहे. त्यात पहाटे तीन ते साडेपाचचा उंचवटा आलेला असणारच. हा उंचवटा खरेदीदाराला मी माल उतरायच्या आधीच कळवला आहे, फोटोंसकट. पहिला कंटेनर उघडताना दारातल्या दोन पॅलेट वेगळ्या काढून आधी त्या तपासा, असंही लिहिलं आहे.