मे महिन्यातले ऊन जुलैत का चालत नाही

बेळगावच्या अनगोळमधील आमच्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा सौर संच बसवून वर्ष उलटले. संच बसवणारा ठेकेदार "काका, आता बिल विसरा" असे सांगून गेला होता. बिल विसरता आलेले नाही. उलट आयुष्यात कधी वाचले नव्हते इतक्या बारकाईने मी ते आता वाचतो. बिलावरचा मजकूर कन्नड, आकडे मात्र सर्वांचे सारखेच, त्यामुळे शेजारच्या कॉलेजकन्येकडून एकदा रकाने समजून घेतल्यावर पुढचे काम कॅल्क्युलेटरने केले.

आमचा नवा मीटर दोन्ही दिशांनी मोजतो. पडद्यावर आकडे आळीपाळीने सरकत असतात, १.८.० या खुणेसमोर तारेतून घरात आलेली वीज दिसते आणि २.८.० समोर घरातून बाहेर गेलेली. दुपारी बाराला गच्चीवर कडक ऊन असताना दुसरा आकडा वाढत असतो आणि पहिला स्तब्ध असतो. दिवे लागल्यानंतर नेमके उलट घडते. महिनाअखेरीस आलेल्या युनिटांतून गेलेली युनिटे वजा होतात, उरलेल्यांचे बिल येते. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. ग्रॉस मीटरिंग हा दुसरा पर्याय. त्यात गच्चीवरची सगळी वीज ठरलेल्या दराने कंपनीला विकायची आणि घरासाठी लागणारी नेहमीच्या दराने विकत घ्यायची. घरगुती ग्राहकाला त्यात फारसा लाभ दिसत नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

ठेकेदाराने आणखी एक सल्ला दिला होता, की धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटर दुपारीच चालवावी. सौभाग्यवतींनी तो सहा महिने निष्ठेने पाळला आणि दुपारची झोप गमावली. आमच्या दरपत्रकात रात्रीच्या आणि दुपारच्या युनिटाची किंमत एकच आहे, आणि वजाबाकी पूर्ण महिन्याची होते. त्यामुळे कपडे बाराला धुतले काय किंवा रात्री आठला धुतले काय, बिलात फरक पडत नाही. हे मला समजले त्या दिवशी घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

फरक पडतो तो महिन्याचा. गेल्या मे महिन्यात संचाने ४०० युनिटे दिली. त्यांतली ११० घरात थेट वापरली गेली, २९० बाहेर गेली, आणि रात्रीच्या पंख्या-फ्रीजसाठी २०० युनिटे तारेतून आली. म्हणजे ९० युनिटे शिल्लक. जुलैत बेळगावचे आभाळ सलग कित्येक दिवस उघडत नाही. त्या महिन्यात १९० युनिटांवरच समाधान मानावे लागले, आणि वजाबाकीनंतरही ८० युनिटांचे बिल आले. मेच्या ९० युनिटांनी जुलैची ८० भागायला हवीत, असे कोणालाही वाटेल. पण कर्नाटकात शिल्लक पुढच्या महिन्याला युनिटांच्या रूपात जात नाही. तिचे त्याच महिन्यात रुपये होतात, आणि तेही करारात ठरलेल्या, विकत घेण्याच्या दराहून कितीतरी कमी दराने. अनुदान घेतलेल्या संचाला तर विनाअनुदान संचाहूनही कमी. जुलैची युनिटे मात्र पूर्ण दराने घ्यावी लागतात: २०२५-२६ मध्ये हा दर ५ रुपये ८० पैसे होता, वर वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा ३६ पैसे अधिभार, आणि त्यावर कर.

माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात, म्हणजे सीमेपलीकडे महावितरणच्या हद्दीत राहते. पाऊस तिच्याकडे आमच्याहून जास्तच, पण तिथे शिल्लक युनिटे आर्थिक वर्षभर खात्यात साठतात आणि हिशेब ३१ मार्चला मिटतो. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने उन्हाळ्याची साठवण पावसाळ्यात खर्च करायला तिला अगदी सोयीचे पडते. शिवाय तिकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे सौर वीज आधी सर्वांत महाग टप्पा वाचवते. आमच्याकडे २०२४ पासून घरगुती विजेला सरसकट एकच दर आहे. दिवाळीला ती आली तेव्हा आम्ही दोघांची बिले शेजारी ठेवून पाहिली, आणि फराळापेक्षा चर्चा जास्त झाली.

आता माझी चूक सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान मिळते, तिसऱ्याला फक्त १८,०००. "७८,००० पूर्ण घ्या" या आग्रहाला भुलून मी तिसरा किलोवॅट घेतला. मेच्या हिशेबात तिसऱ्या किलोवॅटने साधारण १३० युनिटे दिली, आणि त्यांतली ९० कमी दराने विकली गेली. दोनच किलोवॅट घेतले असते तर उन्हाळ्यातही जवळजवळ प्रत्येक युनिट पूर्ण किमतीला वाचले असते. आणि संच कितीही मोठा असला तरी मंजूर भारावरचा स्थिर आकार, २०२५-२६ मध्ये किलोवॅटमागे १४५ रुपये, सुटत नाही. माझा भार ३ किलोवॅट, म्हणजे त्या वर्षी ४३५ रुपये दरमहा ठरलेले.

आमच्या गल्लीतल्या आक्कांना मी सौर संचाचा सल्लाच दिला नाही. त्यांचा वापर महिना १२० युनिटांच्या आत आहे आणि २०२३ पासूनच्या गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेमुळे त्यांचे बिल शून्यच येते. खानापूरच्या मावसभावाला मात्र वर्षाची बारा बिले घेऊन बोलावले. सर्वांत कमी वापराच्या महिन्यावर बोट ठेवून आम्ही संच किती मोठा घ्यायचा ते ठरवले, आणि त्याने ३ खोडून अर्जावर २ लिहिले.