किल्ला उलटा, सही सुलट

इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या टाइन नदीवरच्या पुलांचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने कोरून घेतलेला छाप, ए-६ पोस्टकार्डावर छापायचं होतं. पुढे १९२८चा टाइन ब्रिज, त्याच्या मागे १८७६चा फिरणारा स्विंग ब्रिज, सगळ्यात मागे १८४९चा हाय लेव्हल ब्रिज, वर रेल्वे आणि खाली रस्ता असलेला.

फाइल आली ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चार रंगांत. फोटोला ते चालतं, एचिंगची वाट लागते. ०.१ मिमीची रेघ जेमतेम एका पिक्सेलची उरते, छपाईच्या स्क्रीनचे ठिपके तिला कुरतडतात, आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर सुटलं की काळ्या रेघेला गुलाबी-निळी किनार येते. टाइन ब्रिजच्या कमानीतले तिरके पोलादी बार तर नुसते धुरकट दिसत होते. म्हणून मूळ छाप मागवून पुन्हा स्कॅन केला: रेघा छापील आकाराला १२०० डीपीआय बिटमॅपमध्ये (नुसतं काळं-पांढरं), छपाईच्या फक्त काळ्या प्लेटवर, तांब्यावर पुसून राहिलेल्या शाईची झाक वेगळ्या करड्या स्पॉट रंगात, म्हणजे स्वतंत्र तयार शाईत. कागद ३०० जीएसएम वजनाचा, एकाच बाजूने कोटेड. दोन्ही बाजू चकचकीत मागणाऱ्यांनी त्यावर एकदा शाईपेनाने पत्ता लिहून बघावा.

अडलं ते पोस्टकार्डाच्या मागच्या मजकुरापाशी. ‘डावीकडे गेट्सहेड, उजवीकडे न्यूकासल.’ चित्रात न्यूकासलच्या किल्ल्याचा बुरूज डावीकडे! टाइन ब्रिज सर्वांत जवळ, म्हणजे नजर पश्चिमेला. उत्तर काठ, म्हणजेच न्यूकासल, उजव्या हाताला हवं. पूल दोन्हीकडून सारखेच दिसतात, त्यामुळे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

प्लेटवर समोरचं दृश्य जसंच्या तसं काढलं की कागदावर ते उलटंच उतरतं. चित्रकार व्हिसलरची व्हेनिसची एचिंग्जही अशीच उलटी आहेत.

डिझायनर म्हणाला, “फ्लिप मारा.” डिझायनरांना फ्लिप फुकट वाटतं. सही चित्रकाराने प्लेटवर मुद्दाम उलटी कोरली होती, म्हणून छापात ती सुलट होती. फ्लिप केलं की किल्ला जागेवर येतो आणि सही आरशात जाते. मग म्हणे सही तेवढी कापून फिरवू. तिच्यामागे पाण्याच्या रेघा आहेत, त्या कोण जुळवणार? आणि दुसऱ्याच्या प्लेटमध्ये हात घालायचा अधिकार कुणी दिला?

शेवटी चित्राला हात लावला नाही. काठांची नावं काढली, पुलांची नावं आणि वर्षं पुढून मागे लिहिली. ‘मूळ एचिंगप्रमाणे दृश्य उलट’ अशी एक ओळ घालावी, असं मी सुचवलं होतं. गिऱ्हाइकाला ती चुकीची कबुली वाटली. सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरात सहज बसली असती.