सहावी-सातवीची मुलं, जॅझ आणि कोलाज: सहा शनिवारांची नोंद

गेले सहा शनिवार आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सहावी-सातवीची 14 मुलं घेऊन बसतेय. जॅझ ऐकायचं आणि त्यावरून कोलाज करायचं, एवढंच ठरवलं होतं. मी स्वतः बरीच वर्षं कोलाज करते, पण मुलांना शिकवायची ही पहिलीच वेळ. तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असेल तर उपयोग होईल म्हणून घडलं तसं लिहितेय.

पहिला शनिवार वाया गेला. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, डबल बास यांची चित्रं छापून नेली होती. बहुतेक सगळ्यांनी कागदाच्या मधोमध सॅक्सोफोन चिकटवला आणि उरलेल्या जागेत घोटीव कागदाचे तारे. संगीत चालू होतं, पण ते ऐकत कुणीच नव्हतं. वाद्याचं चित्र हातात दिलं की कानाला कामच उरत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. त्यानंतर एकही चित्र नेलं नाही.

दुसऱ्या शनिवारी कात्र्याही घरी ठेवल्या. फक्त रद्दी. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की लांब सरळ पट्टी निघते, आडवं फाडायला गेलं की कड वेडीवाकडी पळते. कागद बनताना तंतू एका दिशेने बसतात म्हणून असं होतं, पण मुलांना ते हातानेच कळलं. मग ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवादक अर्ल हाइन्स यांचं 1928 सालचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात फक्त ट्रम्पेट आणि पियानो आहे, तीन मिनिटांच्या आत संपतं, आणि सगळा मामला सवाल-जवाबाचा. पियानोला उभी फाड, ट्रम्पेटला आडवी. चौथ्यांदा ऐकताना एका मुलाचा हात ट्रम्पेट वर चढला की थांबायला लागला, आणि सूर खाली आला की एका झटक्यात फाडायला लागला. मी त्याला यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

तिसरा शनिवार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या दिवशी चित्रकार रोमेर बिअर्डनची कोलाजं दाखवली. जन्म 1911, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटचा, वाढला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. ड्यूक एलिंग्टनसारख्या जॅझ संगीतकारांचा त्याच्या घरी राबता होता. मोठेपणी अनेक वर्षं न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. ज्या कोलाजांमुळे त्याचं नाव झालं ती 1964च्या सुमाराची, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावरची. हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे माझ्या आजोबांनाही जमेल!" तिच्या आजोबांना पुढच्या वेळी बोलावलंय.

बिअर्डनला चित्रकार स्टुअर्ट डेव्हिसने सल्ला दिला होता की अर्ल हाइन्सचा पियानो ऐक, आणि सुरांइतकंच लक्ष दोन सुरांमधल्या जागेकडे दे. माझ्या मते आपण मुलांना द्यायची गोष्ट हीच आहे. या वयाच्या मुलांना कोरा कागद दिसला की तो भरून टाकायचा असतो. कोपरा मोकळा राहिला तर बाई "अपूर्ण" म्हणतील, ही भीती शाळेतून आलेली असते.

म्हणून नियम केला. प्रत्येकाच्या हातात 12 पट्ट्या. सूर वाजला तर एक ठेवायची, वाजणारा थांबला तर हात कागदावरून उचलायचा. आणि गाणं संपेपर्यंत खळीला हात लावायचा नाही. तबला शिकणारी एक मुलगी मध्येच थांबून म्हणाली, "ताई, हे खालीसारखं आहे. खालीला टाळी नसते, पण मात्रा असतेच." मी तिला पुढे बोलावलं. तिने तीनताल हातावर धरून दाखवला आणि नवव्या मात्रेला हात नुसता हलवला. जॅझमधली मोकळी जागा म्हणजे तबल्यातली खाली नव्हे, ते मीही सांगितलं. पण त्यानंतर एकाही मुलाने रिकाम्या जागेला "राहिलेली जागा" म्हटलं नाही. तिच्या स्वतःच्या कोलाजात डावीकडे खाकी कव्हरच्या कागदाचे तीन तुकडे आहेत, उजवीकडे अगदी कडेला लग्नपत्रिकेचा एक लाल त्रिकोण, आणि मधे वीतभर काहीच नाही. नजर त्या त्रिकोणापर्यंत उडी मारून जाते.

चौथ्या शनिवारी हातांचं काम. बिअर्डनच्या माणसांचे हात बरेचदा शरीराच्या मानाने मोठे असतात आणि तो छायाचित्रांचे तुकडे वापरायचा. मुलांनी झेरॉक्सच्या काचेवर आपापला पंजा ठेवला, मग ती प्रत 141 टक्क्यांवर, म्हणजे ए-4ची ए-3 करून, मोठी केली. काळेपांढरे प्रचंड पंजे! दोघांनी घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढून आणले होते. त्यांच्यावर ओली खळ लागताच शाई फुटली आणि एकाला रडू आलं. झेरॉक्सच्या टोनरला पाण्याने काही होत नाही, इंकजेटची शाई मात्र वाहते. मुलांना हे आधी सांगा.

चिकटवण्याबद्दल थोडं. फेविकॉल थेट लावला की वर्तमानपत्राला सुरकुत्या पडतात. आम्ही मैद्याची पातळ खळ रुंद ब्रशने लावली. कार्डशीट वाळताना वाकतं, म्हणून मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवला आणि रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. एकही वाकलं नाही.

फ्रेंच चित्रकार मातिसचं 1947 सालचं "जॅझ" नावाचं पुस्तक मी मुद्दाम पाचव्या शनिवारपर्यंत लांबवलं. चित्रं 20 आणि अप्रतिम, पण विषय बराचसा सर्कशीचा. ऐकायला शिकवायला ते पहिल्यांदा नको, असं माझं मत. त्यातून घ्यायची ती रीत: आधी कागद सपाट रंगवायचा, वाळला की कात्रीने थेट आकार कापायचा, पेन्सिल अजिबात नाही.

सहाव्या शनिवारी "अलबेला" या जुन्या हिंदी चित्रपटातली गाणी लावली. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईचे नावाजलेले जॅझ ट्रम्पेटवादक. त्यातली भगवानदादांची नाचाची ढब मुलांना विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे पायात ठाऊक होती. या वेळी नियम सांगावा लागला नाही. ट्रम्पेट थांबला तेव्हा 14 हात कागदावरून वर होते.

पुढच्या शनिवारी पतंगाचा कागद आणतेय. एकावर एक ठेवला की खालचा रंग दिसतो, त्यामुळे दोन वाद्यं एकदम वाजतात तेव्हा काय करायचं ते बघता येईल. तो खळीने विरघळल्यासारखा होतो. कुणी दुसरं काही वापरत असाल तर सांगा.